एनलार्ज म्हणजे किती?

‘दादा, हे जरा एनलार्ज करून द्या.’
‘किती करू काकू?’
‘मोठं करा.’

झेरॉक्सच्या काउंटरवर रोज घडणाऱ्या या संवादात दोष दादांचा नाही, काकूंचाही नाही. दोष क्रियापदाचा आहे. एनलार्जला मागे आकडा लागतो, आणि आपल्याकडे साखर बेताची, मीठ अंदाजानं, तसं झेरॉक्स मोठं.

मग रांगेतलं कुणीतरी आत्मविश्वासानं सांगतं, ‘डबल करा हो, दोनशे टक्के!’ इथे घात होतो. यंत्राचा टक्का बाजूंना लागतो, क्षेत्रफळाला नाही. ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटर. २०० टक्क्यांना तो ४२० बाय ५९४ होतो, म्हणजे दुप्पट नव्हे, चौपट, ए-टू. आणि दुकानातल्या ट्रेमध्ये मोठ्यात मोठा कागद असतो ए-थ्री, त्याच्या निम्मा. सातबाऱ्यातला सात येतो, बारा काचेवरच राहतो.

ए-फोरचं ए-थ्री करायचं तर १४१. दोनचं वर्गमूळ १.४१४, बाजू तेवढ्या पटीनं वाढल्या की कागद नेमका दुप्पट. उलट यायचं तर ७१. हे गणित फक्त ए घराण्यातल्या कागदांचं. लीगल कागद २१६ बाय ३५६ चा. त्यालाही सवयीनं १४१ मारलं तर लांबी ५०२ वर जाते, ए-थ्री संपतो ४२० ला, आणि ज्या सही-शिक्क्यासाठी प्रत हवी होती तोच बाहेर. लीगलला ११८ च्या वर जायचं नाही; यंत्र कडेची पट्टी छापत नाही ती धरून ११५ बरं. त्यापेक्षा टक्के सांगूच नयेत. ‘पूर्ण मजकूर ए-थ्रीवर बसवा’ म्हणावं आणि गप्प उभं राहावं.

फोटोचं दुखणं वेगळं. पासपोर्ट फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, आणि हवा असतो बारा बाय अठरा इंच, हार घालायला. इंचाला ३०० ठिपके धरले तर त्या चिमुकल्या फोटोत ४१३ बाय ५३१ ठिपके. तेच अठरा इंचांत पसरले की इंचाला जेमतेम तीस. आजोबांच्या मिशीची फरशी होते. शिवाय दोन्हींचं प्रमाण जुळत नाही: उंची बसवली की रुंदी पाच सेंटीमीटरनं जास्त होते, म्हणजे दोन्ही खांद्यांवर कात्री. मूळ फोटो बाराशे ठिपक्यांनी स्कॅन केला तर आकडा वाढतो, पण छापील कागदात नसलेली मिशी स्कॅनर आणणार कुठून? तो कागदाचे रवे तेवढे टिपून आणतो. निगेटिव्ह सापडली तर मात्र सोनं. निगेटिव्हची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटर, तरी आठ बाय बारा इंचापर्यंत साडेआठपट सहज ताणते.

मोबाइलवरून आणणाऱ्यांचा एक खास प्रकार असतो. दोन बोटांनी फोटो फाकवायचा, स्क्रीनशॉट काढायचा आणि म्हणायचं, ‘मी एनलार्ज करूनच आणलाय.’ ते एनलार्ज नव्हे, मॅग्निफाय. भिंगाखाली मुंगी मॅग्निफाय होते; एनलार्ज झाली तर पळावं लागेल. मॅग्निफायमध्ये वस्तू मोठी दिसते, एनलार्जमध्ये खरोखर होते. स्क्रीनशॉटमध्ये स्क्रीनपुरतेच ठिपके येतात, तेव्हा मूळ फाइलच द्यावी, आणि व्हॉट्सअॅपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून.

इंग्रजांची या बाबतीतली शिस्त माझ्या मते जरा अतीच आहे. पगार एनलार्ज होत नाही, इन्क्रीज होतो. रूळ उन्हात एक्सपांड होतात, मुदत एक्स्टेंड होते. युरोपीय संघात २००४ साली एकदम दहा देश आले, त्याला एनलार्जमेंट म्हणतात. सोनोग्राफीच्या रिपोर्टात लिव्हर एनलार्ज्ड येतं आणि किती सेंटीमीटर तेही तिथे लिहिलेलं असतं, हे विशेष. क्रियापदाला ऑन जोडलं की अर्थ पाल्हाळ लावणं. सभेतले वक्ते करतात ते.

आपल्याकडे या सगळ्याला एकच शब्द, वाढवणे. पगार वाढवा, दाढी वाढवा, आवाज वाढवा, मुदत वाढवा. मात्र नारळ वाढवला की त्याची दोन शकलं होतात आणि बांगडी वाढली की तुकडे. २०० टक्क्यांवरचा सातबारा वाढतो तो या अर्थानं.