कडी बदलायच्या आधी बिजागरी बघा

सोलापुरात दार लागेनासं झालं की पहिला बळी कडीचा जातो. दार ढकललं आणि कडी कोयंड्यात बसेना, किंवा बसली तरी वारा आला की सुटायला लागली, की माणूस निघाला हार्डवेअरच्या दुकानात. दुकानदार तरी काय करणार? मागाल ते देणार. नवी कडी, जाडजूड ऑलड्रॉप, नाहीतर चुंबक. चार दिवस दार गुमान लागतं, मग पुन्हा तेच. शेजारच्या काकू परवा म्हणाल्या, "दोनदा कडी बदलून बघितली की ओ, तरी दार आपलं उघडंच." काकूंना जे सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण हे दुखणं घरोघरी आहे आणि त्यावर फुकट पैसे जातात.

कडी बहुतेक वेळा होती तिथेच असते. हललेलं असतं दार.

दाराचं सगळं वजन बिजागऱ्यांवर. त्यातही खालची बिजागरी चौकटीवर दाबली जाते आणि वरची बाहेर ओढली जाते, म्हणून सैल पडायला सुरुवात वरच्या स्क्रूंपासून होते. हिशोब करून बघा. दार 3 फूट रुंद आणि वरच्या-खालच्या बिजागरीत 5 फूट अंतर. वरची बिजागरी एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुटली तर कडीकडची कड अर्ध्या सुताहून जास्त खाली येते. कोयंड्याच्या भोकात मोकळीक असते तरी किती? सुतार याला 'दार पडलंय' म्हणतात, आणि ते बघायला सुताराची गरज नाही. दार अर्धं उघडा, कडीकडची कड धरून वर उचला. हाताला खेळ लागला की चोर सापडला. दार लावून वरची फट बघितली तरी कळतं: कडीच्या बाजूला रुंद झाली असेल आणि बिजागरीच्या बाजूला अरुंद असेल, तर दार पडलेलंच. कडी नेमकी कुठे आपटते हे बघायचं तर तिच्या टोकाला थोडं ओलं कुंकू लावा आणि दार लावा. डाग कोयंड्याच्या खालच्या काठावर पडला की नव्या कडीचे पैसे वाचले.

काकूंच्या दारात स्क्रू गोल गोल फिरत होते, पकडतच नव्हते. भोक पोकळ झालेलं. दाराखाली पाचर मारून वजन उचललं, स्क्रू काढले, काडेपेटीच्या काड्यांचं गुल खरवडून त्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठासल्या. रात्रभर वाळू दिलं आणि सकाळी स्क्रू परत आवळले. चौकटीच्या बाजूला वरच्या बिजागरीत एक स्क्रू मुद्दाम 2 इंची घातला. मूळचे इंचभराचे होते. लांब स्क्रू घ्या, पण त्याचं डोकं बिजागरीच्या भोकात पूर्ण बुडलं पाहिजे, नाहीतर दार मिटताना तेच आडवं येतं. एवढं करूनही कड जराशी खालीच राहिली तर खालच्या बिजागरीच्या पानामागे जाड पुठ्ठा कापून घाला. जुनी लग्नपत्रिका उत्तम. खालची बाजू पुढे ढकलली गेली की कडीकडची कड वर येते. हे ऐकायला उलटं वाटतं, करून बघा.

आता माझा खरा राग. पावसाळ्यात दार घासायला लागलं की लोक सुताराला बोलावून रंधा मारून घेतात. अहो, थांबा की जरा! लाकूड दमट हवेत आडवं फुगतं, कोरड्या हवेत आडवं आकसतं, लांबीत जवळजवळ फरक पडत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42-43 वर, हवा भट्टीची. ऑगस्टमध्ये फुगलेल्या दाराचं लाकूड तासून काढलंत तर एप्रिलमध्ये तेच दार आकसून कोयंड्यापर्यंत पोचत नाही, आणि तासलेलं लाकूड परत चिकटवता येत नाही. पावसाळ्यात दार घासत असेल तर मेणबत्ती घासा, दिवाळीपर्यंत कळ काढा, तेव्हाही अडलं तर रंध्याचं बघू. उन्हाळ्यात कडी पोचत नसेल तर दोन्ही बिजागऱ्यांमागे तोच पुठ्ठा, दार तेवढं पुढे सरकतं.

जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड, या बाजूला घर असलेल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. ही सगळी कालपरवापर्यंत शेतं. खाली काळी माती, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरमापर्यंत गेला नसेल तर घर मातीबरोबर हलतं आणि चौकट तिरकी होते. दोरी घेऊन चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. सारखे भरले तर बिजागरीकडे परत या. फरक निघाला, आणि चौकटीच्या कोपऱ्यातून भिंतीवर तिरपी चीर चढलेली दिसली, तर बिजागरी आवळून काही होणार नाही. तिथे कोयंडा सरकवणं हाच शहाणपणा, आणि चीर वाढत असेल तर सुतार सोडून इंजिनिअरला दाखवणं. दरवर्षी सुताराकडून दार सरळ करून घेणारे लोक बघितले की हसावं की रडावं कळत नाही.

पूर्व भागात यंत्रमागाच्या खोल्यांना लागून घरं आहेत, तिथला त्रास निराळा. दिवसभराच्या हादऱ्याने चांगले आवळलेले स्क्रूही ढिले होतात, आणि हवेतले सुताचे तंतू कुलपात शिरतात. त्यावर कुणीतरी प्रेमाने खोबरेल तेल सोडतं. तेल आणि तंतू मिळून आत अशी लगदी बसते की जीभ बाहेर यायलाच तयार नाही. तिथे कडी दोषी असते खरी, पण बदलण्याइतकी नाही. कुलूप काढून रॉकेलने धुवा (चुलीजवळ नको), नीट वाळू द्या, मग पेन्सिलीच्या शिशाची पूड घाला. ती सुकी असते, धूळ धरून ठेवत नाही.

एका दारापुढे मात्र मी हात टेकतो: बाथरूमचं पीव्हीसी दार, ग्रॅनाइटच्या चौकटीत प्लास्टिकच्या गिट्टीवर (स्क्रू पकडायला भोकात ठोकतात ती) टांगलेलं. गिट्टी एकदा सैल झाली की काड्या, फेविकॉल काही चालत नाही. जुन्या भोकापासून थोडं अंतर सोडून नवं भोक पाडा, नवी गिट्टी ठोका, बिजागरी तिथे सरकवा. दाराचीच कड फाटली असेल तर दुरुस्तीचा हट्ट सोडा आणि दार बदला. कोयंडा मात्र जुनाच राहू द्या, त्याला काही झालेलं नसतं.