घरी पाहिलेला ‘द डिसायपल’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘द डिसायपल’ या मराठी सिनेमावरच्या माझ्या लेखावर तुम्ही एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, तिची बोळवण ‘धन्यवाद’ या एका शब्दावर करणं मला पटलं नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मी हा सिनेमा घरी टीव्हीवर, मध्ये थांबत पाहिला, मी रागदारी शिकलेलो नाही, आणि तरीही सिनेमातल्या थोर गायिका माई, म्हणजे नायकाच्या गुरूंच्याही गुरू, यांच्या शिकवणीला मी ‘निर्दय’ म्हटलं. अशा प्रेक्षकाने सिनेमा आवडला की नाही एवढंच सांगावं, गुरुशिष्य परंपरेवर बोलू नये.

आधी घरी पाहण्याबद्दल. चैतन्य ताम्हाणे यांच्या या सिनेमाला २०२० साली व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला. आपल्याकडे मात्र तो ३० एप्रिल २०२१ रोजी थेट नेटफ्लिक्सवर आला. कोरोनाची दुसरी लाट होती, महाराष्ट्रातली थिएटरं बंद होती. महोत्सवांत ज्यांना पाहायला मिळाला ते मोजके लोक सोडले, तर बाकी सगळ्यांनी तो घरीच पाहिला. घरच्या प्रेक्षकाने गप्प बसायचं ठरवलं तर या सिनेमाबद्दल मराठीत बोलणार कोण? आणि ही गोष्ट या एकाच सिनेमाची नाही. मराठी चित्रपटाला मल्टिप्लेक्समध्ये धड वेळ मिळावी म्हणून २०१५ मध्ये राज्य सरकारला दुपारी १२ ते रात्री ९ अशी वेळ ठरवून द्यावी लागली होती. तालुक्याच्या गावातल्या माणसाला आजही बरेचसे चांगले मराठी सिनेमे घरीच भेटतात. त्याआधीच्या पिढीने तर बंगाली, मल्याळी, कन्नड सिनेमा दूरदर्शनवर रविवारी दुपारी, जेवणं आटोपल्यावर पाहिला. त्या पाहण्यातून तयार झालेली जाण मला खरी वाटते.

घरी नीट पाहायचं तर थोडी मेहनत घ्यावी लागते, हे मात्र मान्य. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. नवे टीव्ही मधल्या फ्रेम स्वतःच्या मनाने भरतात आणि चित्र मालिकेसारखं गुळगुळीत करून टाकतात. सिनेमाचा नायक, शास्त्रीय गाणं शिकणारा शरद, रात्री मुंबईच्या मोकळ्या रस्त्यांवरून मोटारसायकल चालवतो, ती स्लो मोशनमधली दृश्यं त्यात पार बिघडतात. सेटिंगमध्ये जाऊन ते मोशन स्मूदिंग बंद करावं. दुसरं, टीव्हीच्या चपट्या स्पीकरमधून तानपुऱ्याचा खर्ज येतच नाही. मी हेडफोन लावून पाहिला. ज्यांनी तसा पाहिला नसेल त्यांना मी कळकळीने सांगेन की, पुन्हा पाहा. तानपुरा या सिनेमात जवळजवळ जमिनीसारखा पसरलेला आहे, आणि तो ऐकू आला नाही तर शरद कशावर उभा आहे हेच कळत नाही.

मध्ये थांबलो ते कुठे, तेही सांगतो. शरद चोविशीचा असतो आणि मग सिनेमा एकदम बारा वर्षं पुढे जातो. मिशी आलेली, अंग सुटलेलं, चेहऱ्यावरचा उजेड गेलेला. मी तिथे थांबलो. शरद झालेल्या आदित्य मोडक यांचा तो बदललेला चेहरा डोक्यात घेऊन झोपलो आणि उरलेला भाग दुसऱ्या दिवशी पाहिला. ती बारा वर्षं मला त्यामुळे जास्तच जाणवली. याने सिनेमाचा अपमान झाला असं मला वाटत नाही.

आता माई. खरा मतभेद इथेच आहे.

तुम्ही लिहिलंय की माई सांगतात ती साधना. तिला निर्दय म्हणणं म्हणजे परंपरा न कळणं. पण सिनेमा आपल्याला माई कशा देतो ते बघा. त्या एकदाही दिसत नाहीत. आपलं गाणं त्यांनी कधी ध्वनिमुद्रित होऊ दिलं नाही. शरदकडे आहेत ती त्यांची व्याख्यानं. म्हणजे हा मुलगा ज्यांना देव मानतो, त्यांचं बोलणं त्याच्या कानात आहे आणि गाणं नाही. या वाटेवर यायचं तर एकटं राहायला आणि उपाशी राहायला शिका, अशा अर्थाचं त्या सांगतात आणि तो ते शब्दशः घेतो. समोर बसलेला गुरू शिष्याचा चेहरा पाहतो, आज याला पुरे झालं हे ओळखतो. ध्वनिफितीला चेहरा दिसत नाही. मी निर्दय म्हटलं ते याला. माईंच्या मनाबद्दल माझं काही म्हणणं नाही. माणसाशिवाय उरलेल्या त्या उपदेशाबद्दल आहे. माईंचा आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा आहे. सिनेमा यायच्या अकराच दिवस आधी, १९ एप्रिलला, त्या गेल्या. इतका शांत, समजूतदार आवाज असल्यामुळेच त्या शब्दांची धार उशिरा कळते.

शरदचे जिवंत गुरू वेगळे आहेत. अरुण द्रविड यांनी ते उभे केलेत, आणि ते स्वतः मोगूबाई कुर्डीकर व किशोरी आमोणकर यांच्याकडे शिकलेले गायक आहेत. आजारी, पैशांची ओढाताण, तरी शिकवणं चालू. शरद त्यांची सेवा मनापासून करतो, पण मोटारसायकलवर ऐकतो माईंनाच. हे सगळे ज्या अलवर घराण्याचे, ते सिनेमासाठी रचलेलं आहे, पण समोरचा गुरू आणि ध्वनिफितीतला आवाज यांच्यातली ही फट खोटी नाही.

आणि म्हणूनच तुमच्या प्रतिक्रियेतलं एक वाक्य वाचून मी थबकलो. तुम्ही म्हणता, यंत्रातून घरी पोचलेली कला खरी नव्हे. माईंची भूमिका याच्या अगदी जवळची आहे, आणि हा सिनेमा त्या भूमिकेला सतत प्रश्न विचारतो. तो शरदला जुनी ध्वनिमुद्रणं जपण्याच्या कामाला लावतो. राजन जोशी नावाचा संग्राहक माईंबद्दल नको ते बोलतो तेव्हा शरद हातातला ग्लास त्याच्या तोंडावर रिकामा करतो. कारण त्या माणसाकडे शरदच्या श्रद्धेपेक्षा जास्त ऐकलेलं आहे. हे मला रागदारी न शिकता दिसलं. ते मी लिहायचं नाही, हे मला मान्य नाही.

शिकलेल्या माणसाला मात्र यापुढचं दिसत असणार. तुम्ही बरीच वर्षं शिकला आहात असं लिहिलंय, म्हणून विचारतो. उत्तरार्धात शरद मैफिलीत गाता गाता थांबतो आणि मंचावरून उठून जातो. मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की संपलं. पण गाण्यात नेमकं काय होतं तिथे? सूर लागत नाही, की सूर लागूनही पुढची जागा सुचत नाही? त्यावर सविस्तर लिहाल का? मला खरोखर जाणून घ्यायचं आहे.