हर्णै 'कव्हर' करायचं का?

सर्किटने मोबाइल पुढे केला. शनिवारी दापोलीचं मुरुड, कर्दे, हर्णै, आंजर्लं. रविवारी केळशी, वेळास, की रात्री घरी.

"ही सहल आहे का एसटीचं वेळापत्रक?" मास्तर म्हणाले.

"अहो, सगळं कव्हर होतंय ना!"

झालं. 'कव्हर' शब्दाचं मास्तरांना वावडं. "हर्णैसमोरच्या समुद्रातल्या सुवर्णदुर्ग किल्ल्याला पाऊण तास लिहिलायस. समुद्राला विचारलंस? भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, तुझ्या मोबाइलसाठी थांबत नाही."

मला बोलावंच लागलं. मागच्या खेपेला आम्ही असेच धावतपळत हर्णैला पोचलो, तर होडीवाला म्हणाला, पाणी खवळलंय, आज नाही. मग किनाऱ्यावरच्या कनकदुर्गावर दीपस्तंभाजवळ बसून समोरच्या सुवर्णदुर्गाकडे नुसतं बघत राहिलो. अडकलो म्हणूनच संध्याकाळी लिलाव बघायला मिळाला. बैलगाड्या थेट पाण्यात शिरतात, चाकं अर्धी बुडलेली, होड्यांवरचा माल घेऊन वाळूत येतात. सुरमईच्या एका ढिगाभोवती बायकांचं कोंडाळं, चार-पाच आकडे फुटले आणि ढीग विकला गेलासुद्धा. कोणी घेतला तेच आम्हाला कळलं नाही.

"आणि वास?" जाड्या. (हाच ताटातला तुकडा कुणाला देत नाही.)

"तो किल्ला पडला कसा पण?" सर्किटने विषय बदलला.

"१७५५," मास्तर म्हणाले. "इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. पेशवे इंग्रजांच्या बाजूला."

"म्हणजे आपल्याच लोकांनी?"

यावर अर्धा तास गेला. पेशवे, आंग्रे, आरमार, सगळं निघालं. चहा दोनदा झाला. निष्पन्न शून्य.

शेवटी सर्किटने केळशी-वेळास खोडलं. हर्णैत मुक्काम, सकाळी आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती. जाड्या उसळला, "वेळास नाही म्हणजे कासवं नाहीत!"

"ऑक्टोबरात चाललोय आपण. पिल्लं उन्हाळ्याच्या तोंडावर निघतात," मास्तर म्हणाले, "आणि अंडी घालायला कासवं आंजर्ल्यालाही येतात. तोवर सुवर्णदुर्गाच्या दारात पायरीवर कासव कोरलंय, ते बघ."

"आणि होडी नाही सुटली तर?"

मास्तर पहिल्यांदाच गप्प बसले.