आपल्यात कसला आलाय कागद!

घरातल्या माणसाला शब्द द्यायचाय? बिनधास्त द्या. पुतण्याला म्हणा, "तुझ्या शिक्षणाचे पाच लाख माझ्याकडे लागले." जागा मात्र पंगतीतली निवडा. तोंडात पुरणपोळी असेल तर फारच छान, आकडा नीट ऐकू जात नाही. वहिनीने चुकून "लिहून देता का?" विचारलंच, तर वाटी जरा दूर सारा, आवाज जड करा आणि म्हणा, "आपल्यात कसला आलाय कागद!"

झालं, सुटलात. 1872 सालच्या करार कायद्याचं कलम 25 काढून बघा. जवळच्या नात्यात निव्वळ मायेपोटी, मोबदल्याशिवाय दिलेलं वचन चालतं, पण लेखी हवं आणि नोंदणीकृतही. कायद्याला माया कळते, फक्त ती दुय्यम निबंधकासमोर कळते. बरं, नुसत्या नोंदणीनेही भागत नाही. 1900 सालच्या कलकत्त्यातल्या एका खटल्यात नवऱ्याने बायकोला वेगळं राहण्याचा खर्च नोंदणीकृत कागदावर कबूल केला. त्यात आपल्या भांडणांचा उल्लेखही केला. कोर्ट म्हणालं, इथे माया आहेच कुठे? बाईंना पैसे मिळाले नाहीत.

सावध राहायचं ते बदल्यात काही मागताना. "नोकरी सोडून गावी ये, मला सांभाळ, घर तुझं" असं बोललात आणि पोरगा खरंच आला, की मोबदला आला. मग प्रकरण कोर्टात उभं राहू शकतं. त्यापेक्षा "तू माझ्या मुलासारखा" एवढंच म्हणा. त्यात मोबदलाही नाही आणि मालमत्ताही नाही.

मेव्हण्याकडून हातउसने घेतले असतील तर "दिवाळीनंतर बघू" हे साधारण तीन दिवाळ्या पुरवा. मुदत उलटली की त्याचा दावा बाद. मध्येच भावनेच्या भरात "तुमचे दोन लाख देणं आहे" असं लिहून सही करू नका, मुदत नव्याने सुरू होते. व्हॉट्सॲपवर नुसते जोडलेले हात पाठवा.

आईच्या फ्लॅटचं बक्षीसपत्र मात्र आजच उरका. महाराष्ट्रात मुलाच्या नावे राहतं घर करायला मुद्रांक 200 रुपयांचा, नोंदणी शुल्क वेगळं. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यामुळे, सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं घर अट मोडल्यास रद्द करून घेता येतं. तेव्हा अट कागदावर येता कामा नये. वकील विचारतील, "आजी, सांभाळण्याची अट घालूया का?" तुम्ही गप्प बसा. आईच पदराने चष्मा पुसत म्हणेल, "अहो, आपल्यात कसला आलाय कागद!"