‘टॉकबॅक आहे ना फोनमध्ये!’

अ‍ॅप बनवणाऱ्यांच्या गटांत एक युक्तिवाद पुन्हा पुन्हा फिरतो: अंधांसाठी अ‍ॅपमध्ये वेगळं काही करायची गरज नाही. अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक आहे, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आहे, ते अ‍ॅप मोठ्याने बोलून वाचून दाखवतातच. अंध वापरकर्ते मूठभर. त्यांच्यासाठी काही करायला जावं तर डिझाइन बिघडतं. आणि राहिलंसाहिलं आता एआय ओळखेल.

पहिलं विधान अर्धं खरं आहे, म्हणून जास्त फसवं. दोन्हीकडे २००९ पासून असा बोलून वाचणारा स्क्रीन रीडर आहे आणि सिस्टीमचं अक्षरं असलेलं साधं बटण तो आपसूक वाचतो. पण तो स्क्रीनकडे बघत नसतो. हे बटण आहे, याचं नाव अमुक, हे चालू आहे की बंद, अशी जी माहिती अ‍ॅप सिस्टीमला पुरवतं, ती तो बोलतो. अ‍ॅपने नावच दिलं नसेल तर तो तरी काय बोलणार? तळाशी घर, भिंग, घंटा, माणूस आणि तीन रेघा अशी पट्टी असते. डोळसाला ती एका नजरेत कळते. नावं दिली नसतील तर ऐकणाऱ्याला पाचही वेळा ‘लेबल नसलेलं बटण’ एवढंच ऐकू येतं. हे नाव द्यायच्या जागेला अँड्रॉइडमध्ये कंटेंट डिस्क्रिप्शन म्हणतात, आयओएसमध्ये (आयफोनच्या सिस्टीममध्ये) अ‍ॅक्सेसिबिलिटी लेबल; काम दर चिन्हामागे एका ओळीचं. (त्या नावात ‘बटण’ हा शब्द घालू नका, तो रीडर स्वतःच म्हणतो. ‘शोधा बटण, बटण’ ऐकून पहिल्यांदा हसू येतं, पन्नासाव्यांदा नाही.)

नावं देऊनही सगळं भागत नाही. चित्र काढून बनवलेला स्विच स्वतःचं नाव सांगतो, चालू की बंद ते सांगत नाही. पॉपअप उघडतो, पण फोकस (रीडर ज्या जागी वाचतोय ती) मागच्याच पानावर राहतो आणि माणूस झाकल्या गेलेल्या पानावर चाचपडत बसतो. पासवर्ड चुकल्याचं फक्त लाल चौकटीने दाखवलं, तर त्याला ते कळवलंच नाही. या तिन्ही चुका अ‍ॅपच्या आहेत. टॉकबॅक त्या भरून काढू शकत नाही.

‘मूठभर’चं उत्तर लोक जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्याने देतात: जवळचं किंवा लांबचं नीट न दिसणारे किमान २.२ अब्ज. त्यात चष्म्याने भागणारेही आले, म्हणून तो आकडा तोंडावर फेकणं मला पटत नाही. पण अंध आणि डोळस यांच्या मधले लोक हिशेबात धरलेलेच नसतात, हे खरं. ते रीडर लावत नाहीत, अक्षर मोठं करतात. अँड्रॉइडवर अक्षराचा आकार एसपीऐवजी (अक्षराच्या सेटिंगप्रमाणे बदलणारं माप) डीपीमध्ये (त्या सेटिंगने न बदलणारं माप) दिला की ती सेटिंग निकामी होते. रंगाचंही तसंच. डब्ल्यूसीएजी या सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या एए पातळीला साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात ४.५:१ कॉन्ट्रास्ट लागतो. डिझायनरांचा लाडका फिकट राखाडी (रंगमूल्यं लाल, हिरवा, निळा तिन्ही १५३) पांढऱ्यावर जेमतेम २.८५:१ भरतो.

डिझाइन बिघडतं म्हणे. लेबल डोळ्यांना दिसतच नाही, तर बिघडवणार काय? राखाडी थोडा गडद केल्याने एखादं डिझाइन कोसळत असेल, तर ते आधीच डळमळीत होतं.

राहिला एआय. आयओएस १४ मध्ये, २०२० साली, स्क्रीन रेकग्निशन आलं. लेबल नसलेल्या गोष्टी ते चित्रावरून ओळखतं, आणि अडल्या वेळी खरंच उपयोगी पडतं. पण ते अंदाज करतं. कचऱ्याचा डबा दिसला तर तो हा एक संदेश पुसणार की अख्खं खातं, हे चिन्हाच्या आकारावरून कसं कळावं? ते अ‍ॅप लिहिणाऱ्याला ठाऊक असतं, आणि त्याने न सांगितलेलं यंत्राने ताडावं अशी ही अपेक्षा आहे.

तरीही ‘आपोआप वाचलं जातं’ असं वाटत असेल, तर टॉकबॅक लावा, डोळे मिटा आणि स्वतःच्या अ‍ॅपमध्ये लॉगिन करून दाखवा. उजवीकडे बोट सरकवलं की पुढची गोष्ट ऐकू येते, दोनदा टॅप केलं की ती उघडते. फक्त टॉकबॅक बंद कसं करायचं ते आधी बघून ठेवा.