नाकापेक्षा ट्रेलर जड

गेल्या शनिवारी टेक्सासातल्या एका आरव्ही (फिरत्या घरांच्या) विक्रेत्याच्या आवारात, बायकोमुलांच्या देखत, मला वरच्या बर्थवरून खाली उतरवण्यात आलं. "बडी, हा बर्थ दीडशे पौंडांचा आहे," असं म्हणत सेल्समननं भिंतीवरच्या चिमुकल्या स्टिकरवर बोट ठेवलं, आणि मग तेच बोट सावकाश माझ्या पोटाकडे वळलं. दीडशे पौंड म्हणजे 68 किलो. माझं लग्नातलं वजन. पोरं खिदळली. ही हसली नाही, खिडकीबाहेर बघायला लागली. ते जास्त लागलं.

उतरवल्याचा राग नाही. प्लायवूडच्या फळीची ताकद तेवढीच असेल तर मर्यादा ती मर्यादा, आणि बंकहाउस घेताना प्रत्येक बर्थचं स्टिकर वाचावंच. काही दीडशेचे असतात, काही तीनशेचे. राग याचा की त्याआधी तासभर मी याच माणसाला दुसरं एक स्टिकर वाचायला विनवत होतो, आणि तेव्हा त्याला म्हणे चष्म्याशिवाय दिसत नव्हतं.

बंकहाउस ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे मागच्या टोकाला पोरांचे वरखाली बर्थ, पुढच्या टोकाला आईबापांचा पलंग, मध्ये ओटा, बसायचं टेबल, संडास. आणि हे बिऱ्हाड आपल्याच गाडीनं ओढायचं. संवाद असा सुरू झाला.

"गाडी कोणती?"

"हाफ-टन पिकअप. क्रू कॅब." म्हणजे सर्वांत हलक्या वर्गातला मोठा पिकअप, मागेही पूर्ण सीट असलेला.

"मग संपलंच की! गाडी ओढते 11,000 पौंड, ट्रेलर आहे 6,100. पाच हजार शिल्लक! आणखी एक लावा मागे."

मी म्हटलं, 6,100 हे ड्राय वेट. कारखान्यातून निघालेला, आत चमचासुद्धा नसलेला ट्रेलर. त्यात पाणी नाही. चाळीस गॅलनची टाकी भरली की 332 पौंड तिथंच वाढले. बॅटरी बहुतेकदा धरलेली नसते. मग गाद्या, भांडी, खुर्च्या, होज, कुकर, तांदूळ. हिशोब करायचा तो जीव्हीडब्ल्यूआरच्या, म्हणजे सामानासकट भरलेल्या ट्रेलरच्या कमाल वजनाच्या, जवळपासचा. या ट्रेलरचा तो 7,600 होता. चौघांचं कुटुंब सहज 7,200ला पोचतं.

"तरी अकरा हजारांच्या आतच!" तो विजयी मुद्रेनं म्हणाला.

हे अकरा हजार कुठून येतात तेही सांगून ठेवतो. एसएई जे2807 नावाचं प्रमाण आहे. त्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर, एसी पूर्ण जोरात चालू ठेवून, गाडीनं किमान किती वेगानं चढायचं हे ठरलेलं आहे. प्रमाण चांगलंच आहे. पण त्यात गाडीत माणसं दोन, प्रत्येकी दीडशे पौंडांची. म्हणजे त्या बर्थवर चढू शकणारी. पोरं नाहीत, सायकली नाहीत, आजी तर नाहीच नाही.

मग मी त्याला बाहेर माझ्या गाडीपाशी नेलं, ड्रायव्हरचं दार उघडलं आणि दाराच्या चौकटीवरचं पिवळं-पांढरं स्टिकर दाखवलं. माणसं आणि सामान मिळून 1,420 पौंडांच्या वर जाऊ नये, असं तिथं छापलेलं आहे. याला पेलोड म्हणतात, आणि कुटुंबाची गाडी अडते ती बहुधा इथंच, ओढण्याच्या आकड्यावर नाही.

तो वाकला, डोळे बारीक केले. "हे तर टायरचं स्टिकर आहे. हवा किती भरायची ते लिहितात यावर."

हवाही लिहितात, खरं आहे. मी म्हटलं, त्याच्या वरची ओळ. तर चष्मा. चष्मा त्याच्याच टोपीवर होता. पण तो उन्हाचा, वाचायचा आत राहिलेला. मग मीच वाचून दाखवलं आणि त्याच्याच गुळगुळीत ब्रोशरच्या पाठीवर बेरीज मांडली. भरलेल्या ट्रेलरच्या वजनापैकी 10 ते 15 टक्के वजन हिचवर, म्हणजे गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या सांध्यावर, उतरतं, ते टंग वेट. 7,200चे साडेबारा टक्के धरले तर 900. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच स्वतः 100. चौघं मिळून 510. झाले 1,510. स्टिकरपेक्षा 90 जास्त, आणि अजून गाडीत पाण्याची बाटलीसुद्धा ठेवलेली नाही. उन्हाळ्यात आईबाबा येतील, त्यांचे 280 वेगळे.

"आईवडील फ्लाइटनं येतील ना?"

"पुण्याहून फ्लाइटनंच येतात."

"मग झालं तर!"

मी बेरजेवर पुन्हा बोट ठेवलं. तो म्हणाला, मागच्या स्प्रिंगांना एअरबॅग (हवेच्या उशा) लावा, पेलोड वाढतो. वाढत नाही. एअरबॅगनं गाडीची मागची बाजू उचलली जाते. ॲक्सल, ब्रेक, चाकं तीच राहतात आणि स्टिकरवरचा आकडाही तोच. मग म्हणाला, वेट डिस्ट्रिब्यूशन हिच वजन नाहीसं करतो. तोही करत नाही. काही भार पुढच्या चाकांवर सरकवतो, थोडा ट्रेलरच्या ॲक्सलवर. शेवटी त्यानं हुकमी पान काढलं: त्याचा मेव्हणा असाच ट्रेलर मिनीव्हॅननं ओढतो. सिएना आणि ओडिसी, दोन्हींची ओढायची मर्यादा 3,500 पौंड आहे हे मी सांगितलं. तेव्हा, "मागच्याच आठवड्यात एक बाई तुमच्यासारख्याच गाडीला हा ट्रेलर लावून घेऊन गेल्या."

"पोचल्या का?"

"परत तरी आल्या नाहीत."

यावर काय बोलणार? आणि मला खरी चीड येते ती हीच. या माणसाला बेरीज येत नाही असं नाही. हप्ता सांगताना त्यानं 180 महिन्यांचा व्याजासकट हिशोब तोंडी केला होता. 'हाफ-टन टोएबल', म्हणजे हाफ-टन गाडीनं ओढता येणारा, हे शब्द ब्रोशरवर मोठ्या अक्षरांत असतात, आणि ते खरे आहेत की नाही हे ठरवणारा आकडा तुमच्याच गाडीच्या दारामागे लपलेला असतो.

तर क्रम उलटा ठेवावा. आधी दाराचं स्टिकर, त्यातून माणसं वजा, हिच वजा, गाडीतलं सामान वजा. उरलं ते जास्तीत जास्त टंग वेट. टंग वेट 13 टक्के धरून त्याला 0.13नं भागा, म्हणजे भरलेला ट्रेलर किती वजनाचा चालेल ते कळेल. गाडीत सामान काहीच नाही असं धरलं तरी माझ्या गाडीचं उत्तर साधारण 6,200 पौंड येतं. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांचा पेलोडही सारखा नसतो. काचेचं छप्पर, चामड्याच्या सीट, आपोआप बाहेर येणारी पायरी, प्रत्येक चैन पेलोडातून कापली जाते. शिवाय बंपरखालच्या रिसीव्हरवर (हिच बसवायच्या खाचेवर) वेगळं लेबल असतं: साधा हिच असेल तर एक मर्यादा, वेट डिस्ट्रिब्यूशनसह दुसरी. तेही वाचायचं.

कुणी म्हणेल, टंग वेट कमीच ठेवू. दहा टक्क्यांच्या खाली गेलं की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो, आणि शेजारून अठराचाकी ट्रक गेला की हलणं थांबत नाही. बंकहाउसमध्ये तर हा मोह फार, कारण पोरांचे बर्थ मागे, म्हणून पोरांचं सगळं मागे, आणि सायकलीही मागच्या बंपरवर. उलट पुढच्या आरपार कप्प्यात सगळं कोंबलं की टंग वेट हजारावर. खात्री करायची तर ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केल नावाच्या वजनकाट्यावर एकदा ट्रेलरसह आणि एकदा नुसती गाडी तोलावी. पहिल्या वेळी हिचचे बार सोडून ठेवायचे. गाडीच्या दोन ॲक्सलच्या बेरजेत जो फरक येईल ते टंग वेट.

एवढं सगळं झाल्यावर माणूस मुकाट्यानं थ्री-क्वार्टर-टनकडे, म्हणजे एक पायरी दणकट पिकअपकडे, वळतो: एफ-250, रॅम 2500, सिल्व्हराडो 2500. इथं सल्लागार डिझेल-डिझेल करतात. डोंगरात डिझेल सुखाचं हे मान्य, पण ते इंजिनच शेकडो पौंड जड, म्हणजे पेट्रोल मॉडेलपेक्षा पेलोड कमी. सहा माणसं असतील तर पुढे सलग बाक असलेली क्रू कॅब शोधावी, कारण कुणाला ट्रेलरमध्ये बसवून न्यायचं नसतं. अनेक राज्यांत ते बेकायदा आहे, आणि जिथं नाही तिथंही आईला त्या ओट्याला धरून बसवू नये. सबर्बन-एक्स्पिडिशनमध्ये सीट भरपूर, पण सगळ्या सीट भरल्या की पेलोड सीटवरच संपतो.

टायर बघितल्याशिवाय सही करू नका. बाजूवर डॉट कोडचे शेवटचे चार आकडे असतात: आठवडा आणि वर्ष. काही एसटी (खास ट्रेलरचे) टायर ताशी 65 मैल वेगासाठीच बनलेले असतात आणि टेक्सासात हायवेवर 75ची पाटी असते. ऑगस्टच्या डांबरावर, कमी हवेत, त्यांचं काय होतं ते रस्त्याच्या कडेला पडलेल्या रबराच्या सालपटांवरून कळतं. चाकांचे नट पहिल्या 50 मैलांत पुन्हा आवळायचे. वीज 30 अँपियर, म्हणजे 3,600 वॉट. एसी आणि मायक्रोवेव्ह चालू असताना विजेवरचा गीझर लागला की ब्रेकर पडलाच. आणि फोडणीला स्मोक अलार्म वाजणार. तो काढून ठेवू नये, पंखा लावावा.

राहता राहिली जागा. नवा ट्रक गॅरेजात मावत नाही. ट्रेलर ड्राइव्हवेत उभा केला तर आमच्या एचओएचं (घरमालकांच्या सोसायटीचं) पत्र येतं, आणि त्यात 'कृपया' हा शब्द नसतो. म्हणून महिन्याच्या भाड्यानं स्टोरेज लॉट. ट्रेलरच्या नावात 26 असतं. लांबी तेवढीच असेल असा आपला समज. लॉटवाला भाडं फुटावर घेतो. तो ब्रोशर बघत नाही, पट्टी काढतो, हिचच्या टोकापासून मागच्या बंपरवरच्या शिडीपर्यंत धरतो आणि 30 फूट 4 इंच लिहितो. 31चं भाडं.