खडूस म्हाताऱ्याला शेवटच्या रिळात माणूस करण्याची कृती

वर्णद्वेषावर सिनेमा काढायचा आहे, पण थिएटरातून बाहेर पडताना एकाही प्रेक्षकाला स्वतःबद्दल शंका यायला नको, अशी तुमची अडचण आहे ना? मग घाबरू नका, यावर तयार कृती आहे. साहित्य असं: एक म्हातारा, एक परदेशातून आलेलं कुटुंब, एकमेकांना लागून दोन व्हरांडे, एक जुनी गाडी, एक कुत्री आणि दोन अंत्यविधी. पहिला अंत्यविधी सुरुवातीलाच, म्हाताऱ्याच्या बायकोचा. दुसरा कोणाचा हे प्रेक्षकाला म्हातारा पहिल्यांदा खोकल्याबरोबर कळतं, पण तुम्ही आपलं गुपित राखल्यासारखं करायचं.

नमुना म्हणून क्लिंट ईस्टवुडचा २००८ सालचा 'ग्रॅन टोरिनो' समोर ठेवा. ११६ मिनिटांचा आहे, जगभरात सत्तावीस कोटी डॉलरच्या आसपास कमाई केली, फ्रान्सने त्याला सर्वोत्तम परदेशी चित्रपटाचा सेझार पुरस्कार दिला आणि ऑस्करवाल्यांनी साधं नामांकनही दिलं नाही. म्हणजे कृती खात्रीची.

आधी गाव ठरवा. कथेला कुठलं गाव शोभतं हा नवशिक्यांचा प्रश्न; करसवलत कुठे मिळते हा निर्मात्याचा. पटकथाकार निक शेंक मिनेसोटाचा. सिनेमातले शेजारी ज्यांच्यातले, त्या ह्मोंग या आशियाई डोंगरी लोकांची तिथे मोठी वस्ती आहे, आणि गोष्टही मुळात तिथलीच होती. पण मिशिगन राज्याने २००८ मध्ये चित्रपटांना ४२ टक्क्यांपर्यंत परतावा जाहीर केला आणि सगळं बिऱ्हाड डेट्रॉइटला खेटून असलेल्या हायलंड पार्कात येऊन पडलं. झालं ते बरंच झालं म्हणा. फोर्डने १९१३ साली चालती असेंब्ली लाइन सुरू केली ती इथेच, त्यामुळे म्हाताऱ्याची मोटार कारखान्यातली नोकरी इथे आयतीच शोभून दिसली. आपला म्हातारा, म्हणजे ईस्टवुडने केलेला वॉल्ट कोवाल्स्की, याने १९७२ साली स्वतःच्या हाताने स्टिअरिंग कॉलम बसवलेली ग्रॅन टोरिनो गॅरेजात चकचकीत उभी, आणि पोरगा टोयोटा विकतो. एवढं दाखवलं की बापलेकांवर वेगळा प्रसंग लिहायला नको.

आता म्हाताऱ्याच्या युद्धाकडे या. इथे बरेच जण घाईत चुकतात. युद्ध कोरियाचंच हवं. व्हिएतनामचं घेतलंत तर गोष्ट जागच्या जागी बसेल, कारण व्हिएतनामच्या बाजूला, लाओसच्या डोंगरांत, सीआयएने ज्यांच्या हातात बंदुका दिल्या ते हेच ह्मोंग. त्या काळचा सैनिक शेजारी ह्मोंग आलेले बघून, "अरे, ही तर आपल्याच बाजूची माणसं" असं म्हणण्याचा धोका आहे, आणि मग पुढचे दीड तास तुम्ही काय दाखवणार? कोरियाचा शिपाई मात्र निर्धास्तपणे सगळ्यांना एका डोळ्याने बघू शकतो. शिवाय त्याच्याकडे एम-वन रायफल असते आणि शरण येऊ पाहणाऱ्या एका कोरियन पोराला मारल्याची बोच असते. ती शेवटी, जाळीच्या दारापलीकडून, थोडक्यात सांगायची. एक व्यावहारिक इशारा: १९५३ मध्ये वीस वर्षांचा असलेला माणूस आज नव्वदी ओलांडून गेला. त्याच्याकडून हिरवळ कापून घ्यायची असेल तर विम्याचं बघा.

शेजाऱ्यांची निवड चोखंदळपणे करा. ते गरीब हवेत, घरात बाप नको, पोरगा बुजरा हवा, पोरगी चुणचुणीत हवी. याच डेट्रॉइटच्या उपनगरांत, नोव्हाय आणि ट्रॉयला, मोटार कंपन्यांत काम करणारी मराठी मंडळी भरपूर आहेत. तेही परदेशातून आलेले शेजारीच, पण तुमच्या काही कामाचे नाहीत. त्यांची गवत कापायची माणसं दर आठवड्याला ठरलेल्या वेळी येतात, वॉटर हीटर वॉरंटीत असतो, आणि घर म्हाताऱ्याच्या घराहून दीडपट मोठं. अशा माणसाला नोकरी लावून देऊन म्हाताऱ्याला मोठं कसं करणार? उलट तोच म्हाताऱ्याच्या पोराला रेफरल देईल.

ओळख करून देण्याचा प्रसंग पाच मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. शेजारची चुणचुणीत पोरगी सू गाडीत बसल्या बसल्या वॉल्टला शिकवते: 'ह्युमाँग' नाही, ह्मोंग, म्हणताना तो 'ह' जवळजवळ गिळायचा. लाओस, थायलंड, चीनमधले डोंगरी लोक. अमेरिकेच्या बाजूने लढलो, अमेरिका निघून गेली, कम्युनिस्टांनी आमच्या माणसांना मारायला सुरुवात केली, म्हणून इथे आलो. गोठवणाऱ्या मिडवेस्टात का, तर लुथरन चर्चवाल्यांनी आणलं. बस्स. ह्मोंगांचा सेनापती जनरल वांग पाओची फौज, लाओसमधून १९७५ साली सुटलेली शेवटची विमानं, रात्री मेकाँग पोहून थायलंडच्या छावण्या गाठणारी आणि वाटेत बुडणारी कुटुंबं यांतलं काही घेऊ नका. घेतलंत तर प्रेक्षक विचारेल, की मग या गोष्टीत उपकार नक्की कोणाचे कोणावर? त्या प्रश्नाने गाडीचं पॉलिश उतरतं.

शिव्यांचं प्रमाण हा या कृतीतला सर्वांत नाजूक भाग. कमी पडल्या तर म्हातारा नुसता चिडका दिसतो, जास्त झाल्या तर बुकिंगवर बसलेला माणूसही उठून जातो. त्यासाठी वाटणीची युक्ती करा: म्हाताऱ्याने सगळ्यांनाच शिव्या द्यायच्या. वॉल्ट पोलिश, त्याचा न्हावी इटालियन, बांधकामावरचा मुकादम आयरिश. दर तीन आठवड्यांनी केस कापताना न्हावी आणि तो एकमेकांची जात काढतात, आणि दोघांच्या तोंडावर मात्र लाडू खाल्ल्यासारखा आनंद. म्हणजे प्रेक्षकाला कळतं, की हे काही मनातलं नाही, बोलायची पद्धत आहे.

मग त्याच सलूनमध्ये सूच्या बुजऱ्या भावाला, थाओला आणा, 'पुरुषासारखं बोलायला' शिकवायला. दोघं म्हातारे नमुना करून दाखवतात. पोरगं बाहेर जातं, दार उघडून पुन्हा आत येतं आणि शिकवलेलं जसंच्या तसं न्हाव्याला ऐकवतं. न्हावी बंदूक काढतो. थिएटर हसतं. इथे जरा थांबून बघा, कारण सिनेमाला स्वतःलाच कळलं नसावं इतकं खरं काहीतरी या अर्ध्या मिनिटात निसटलंय: शब्द तोच, खुर्ची तीच, पण तोंड कोणाचं यावर त्याची किंमत ठरते. वॉल्टला पडते ती केस कापल्याची. पोराला बंदुकीची नळी दाखवतात. मग त्याला सुधारित धडा मिळतो: अनोळखी माणसासमोर शिव्या नकोत, गाडीबद्दल कुरकुर कर. पुढच्याच प्रसंगात तो मुकादमाला सांगतो, की गाडीच्या इंजिनाचं हेड गॅस्केट गेलंय आणि मेकॅनिक २१०० डॉलर मागतोय. नोकरी पक्की. अमेरिकेचं नागरिकत्व एवढ्या स्वस्तात कुठल्याही कचेरीत मिळत नाही.

हसण्याबद्दल एक जोखीम आहे तेवढी लिहून ठेवा. थाओचं काम करणारा बी वँग तेव्हा शाळकरी पोरगा होता, सिनेमात नवखा. मोठा झाल्यावर, २०२१ मध्ये त्याने लिहिलं, की त्या शिव्यांवर बहुतांश गोऱ्या प्रेक्षकांनी भरलेल्या थिएटरांत जे हसू फुटायचं ते त्याला अस्वस्थ करून जायचं. नट मोठे होतात आणि लिहितात, यावर अजून इलाज सापडलेला नाही.

पहिलं सत्कृत्य चुकून घडू द्या. हे विसरलात तर म्हातारा फार लवकर चांगला होतो. थाओच्या चुलतभावाचे टोळीवाले त्याला ओढून नेऊ लागतात, झटापट होते आणि ती कुंपण ओलांडून वॉल्टच्या हिरवळीवर येते. वॉल्ट रायफल घेऊन बाहेर येतो तो हिरवळीसाठी. त्याला पोराचं सोयरसुतक नाही. गवत तुडवलं गेलंय. शेजारच्या बायकांना मात्र वाटतं, देवमाणूस आहे. दुसऱ्या दिवशी पायऱ्यांवर फुलं, कुंड्या आणि झाकलेल्या ताटांची रांग. म्हातारा ती उचलून कचऱ्यात टाकतो, मग एका ताटावरचं झाकण उघडतं आणि वास येतो.

अन्नाची मात्रा इथून वाढवत न्या. या घराण्यातल्या प्रत्येक सिनेमात पूर्वग्रहाचं औषध पोटातूनच दिलेलं आहे. 'अ मॅन कॉल्ड ओव्ह'मधला स्वीडनचा खडूस म्हातारा ओव्ह असो नाहीतर त्याचा अमेरिकन अवतार ओटो, शेजारीण डबा घेऊन दारात उभी राहिल्याशिवाय म्हातारा हलत नाही. ओव्हच्या वाट्याला इराणी केशरभात आला. पदार्थ कुठला यापेक्षा डबा परत करायला जावं लागतं, हे महत्त्वाचं. वॉल्टच्या बाबतीत तर त्याची बिअर संपलेली असते आणि सूच्या घरी असते. तात्त्विक चर्चेने झाला नसता असा हृदयपालट फ्रिजच्या दाराने होतो. मेजवानीत तो एका लहान मुलीच्या डोक्यावर हात ठेवतो आणि सगळं घर गप्प होतं, कारण आत्मा डोक्यात राहतो, तिथे हात लावत नाहीत. ही चूक जरूर घाला. आपल्याकडे आशीर्वादाला डोक्यावरच हात ठेवतात, त्यामुळे मराठी प्रेक्षकाला हा धक्का दुपटीने बसतो.

व्हरांड्यातला प्रसंग मात्र मन लावून करा, त्यात फसवणूक नाही. एका व्हरांड्यात वॉल्ट तंबाखू चघळत बसलाय, दुसऱ्यात थाओची आजी. दोघं एकमेकांची भाषा न समजता एकमेकांना शिव्या घालतात. वॉल्ट थुंकतो. आजी त्याच्याकडे बघत बघत तोंड भरून अशी पिंक टाकते, की वॉल्टच्या थुंकीची गणतीच राहू नये. संपूर्ण चित्रपटात म्हाताऱ्याला कोणी बरोबरीने वागवलं असेल तर या बाईने, आणि तिला इंग्रजीचा एक शब्द येत नाही. तिला पटकथेत जास्त जागा देऊ नका, ती सगळा सिनेमा खाऊन टाकेल.

अवजारांसाठी वॉल्टची यादी आहे तशी घ्या: डब्ल्यूडी-४० चा डबा, लॉकिंग पक्कड आणि डक्ट टेपचं रीळ. घरातली निम्मी कामं या तिघांत होतात असं तो पोराला सांगतो, आणि ते खरंही आहे. बाकी निम्म्या कामांना प्लंबर लागतो. पोराकडून समोरच्या घराचं छप्पर, पन्हळी, रंग असं सगळं करून घ्या. गाडी चोरायला आला होता त्याची ही फेड. चोरायला त्याला टोळीने पाठवलं होतं, हे ध्यानात ठेवा, कारण पुढचा मुद्दा त्यावर उभा आहे.

खलनायक शेजाऱ्यांच्याच नात्यातला हवा. वॉल्ट वर्षानुवर्षं जे बोलला, त्याचा त्रास कोणाला झाला हे दाखवायची गरज पडता कामा नये. घर भाड्याने नाकारलं गेलं, मुकादमाने कामावर घेतलं नाही, पोलिसांनी अडवून ठेवलं, असलं काही दाखवलंत तर त्याचा हिशेब म्हाताऱ्याच्या खात्यावर निघेल. म्हणून गोळीबार चुलतभावाने करायचा. सूवर बलात्कार टोळीनेच करायचा. आणि त्यानंतर पूर्ण सिनेमातली सर्वांत हजरजबाबी, सर्वांत जास्त बोलणारी मुलगी गप्प करून टाकायची. तिला काय वाटतं हा प्रश्न कोणी विचारत नाही. वॉल्टला काय वाटतं ते मुठींनी स्वयंपाकघरातली कपाटं फोडून दाखवायचं. या कृतीतली ही सर्वांत घाण पायरी आहे आणि सर्वांत जास्त वेळा नक्कल होते ती हीच.

पोरं-सुना, तरुण पाद्री, रक्ताच्या खोकल्याची उबळ: प्रत्येकी दोन प्रसंग पुरे. नातीला गाडी हवी आहे हे एकदा दाखवा. मरण्यापूर्वी नवा सूट शिवायला टाका, दाढी करा, कन्फेशन द्या. त्यात पापं अगदी किरकोळ हवीत: १९६८ च्या नाताळात दुसरीचं चुंबन, बोट विकल्याचा न भरलेला कर, मुलांशी कधी जमलं नाही याची खंत. तोंडातून गेलेल्या शब्दांचा त्या यादीत उल्लेख नाही. बरोबरच आहे, ती पद्धत होती.

शेवटी म्हाताऱ्याला निःशस्त्र टोळीच्या दारात उभं करा. ओठात सिगारेट, हात कोटाच्या आत, सगळ्या खिडक्यांतून साक्षीदार बघताहेत. टोळी गोळ्या झाडते. हातात निघतो तो लायटर. तो पडतो तो दोन्ही हात पसरून, क्रुसासारखा, म्हणजे मागच्या बाकावरच्यालाही कळावं. शेजारच्या समाजाला त्रास देणारी त्यांचीच पोरं तुरुंगात जातात आणि त्यांना मुक्त करणारा गोरा म्हातारा स्वर्गात. हिशेब चोख.

मृत्युपत्राचं वाचन टाळू नका. घर चर्चला. गाडी थाओला, पण अटींवर: छप्पर कापायचं नाही, ज्वाळा रंगवायच्या नाहीत, मागे स्पॉयलर लावायचा नाही. अटी सांगताना प्रेक्षक हसतो आणि डोळेही पुसतो, म्हणून त्या वकिलाच्या कोरड्या आवाजातच यायला हव्यात.

मग तलावाकाठच्या रस्त्यावरून पोरगा गाडी चालवत जातो, शेजारच्या सीटवर म्हाताऱ्याची लॅब्रडॉर डेझी. गाणं सुरू होतं, पहिल्या ओळी ईस्टवुडच्याच घोगऱ्या आवाजात. गाडी चौकटीतून निघून जाते तरी कॅमेरा जागेवरच ठेवा आणि इतर गाड्या जाऊ द्या. कुत्री मात्र पुढच्या सीटवरच हवी. मागे बसवलीत तर पोरगा ड्रायव्हर वाटेल.